वाढीचे दोन इंच

देवासहून समुद्र बघायचा तर गाडीत एक अख्खी रात्र काढावी लागते. हे भूगोलाच्या पुस्तकात आहे आणि स्वानंदराव फणसळकरांना ते चांगलं ठाऊक होतं. तरीही वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, कारखान्यातली सत्तावीस वर्षांची नोकरी स्वेच्छेने सोडून, त्यांनी लाटांवर फळी टाकून तिच्यावर उभं राहणाऱ्या लोकांसाठी कपडे शिवायचा धंदा काढला. त्या धंद्याला ते ‘सर्फवेअर’ म्हणत. कॉलनी ‘फणसळकरांच्या चड्ड्या’ म्हणायची.

खरं तर दोष मुलीचा, रुचाचा. ती पुण्याला नोकरी करते. ऑफिसच्या सहलीत कोकणात जाऊन लाटांवर दोन वेळा पडून आली आणि फोनवर म्हणाली, “बाबा, तिथे सगळ्यांच्या शॉर्ट्स इतक्या बोअर होत्या! त्यांना आपल्या धारकडच्या बाग गावच्या छपाईची पट्टी लावली ना, तर काय भारी दिसेल!” असं बोलून ती संध्याकाळपर्यंत विसरलीसुद्धा. बाबा विसरले नाहीत. तीन महिन्यांत माजघराच्या अर्ध्या भागात कापडाचे तागे आले, रुचाकडून एक वेबसाइट करून घेण्यात आली, धंद्याचं नाव ‘खारा वारा’ ठरलं आणि पत्नी कल्पनाताईंच्या जात्याच्या जागी शिलाई मशीन बसलं.

पण धंदा म्हटला की गिऱ्हाईक लागतं, आणि ते काही येईना. अखेर गणपती उठल्यावर दुसऱ्याच दिवशी सिंधुदुर्गातल्या वायरोळे नावाच्या गावातून उर्वी कांदळगावकर नावाच्या बाईंचा निरोप आला. त्या समुद्रकिनारी सर्फिंगची शाळा चालवतात. चाळीस शॉर्ट्स हव्यात, दसऱ्याच्या आत, आणि सोबत कंबरेच्या मापांची यादी. स्वानंदरावांनी तो निरोप कल्पनाताईंना वाचून दाखवला, मग शेजारच्या अण्णांना, मग दूधवाल्याला.

कल्पनाताई मात्र व्यवहारी. त्यांचा धाकटा भाऊ विपुल याचं ए. बी. रोडवर टाइल्सचं मोठं दुकान आहे. जिजाजी रिकामे झाल्यापासून तो त्यांना दुकानात मॅनेजर म्हणून बोलवत होता, आणि तेही इतक्या प्रेमानं की नाही म्हणणाऱ्याला आपणच दुष्ट आहोत असं वाटावं. “जिजाजी, तुम्ही फक्त बसायचं,” असं तो म्हणे. नेमकं हेच वाक्य स्वानंदरावांच्या काळजाला घरं पाडायचं. शेवटी नवरा-बायकोत तह झाला. ही ऑर्डर गिऱ्हाइकानं ठेवून घेतली तर ‘खारा वारा’ चालू. परत आली तर पहिल्या तारखेपासून टाइल्स. तहाची बातमी विपुलला कळली आणि त्यानं हौसेनं एक गोल फिरणारी खुर्ची ऑर्डर करून टाकली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी स्वानंदरावांनी उर्वीबाईंना सांगितली नव्हती. वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ या सदरात त्यांनी स्वतः लिहिलं होतं : ‘समुद्राशी आमच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं.’ हे अगदीच खोटं नव्हतं. फणसळकर मूळचे कोकणातले. फक्त तिथून निघून माळव्यात येऊन त्यांना सव्वादोनशे वर्षं झाली होती. खुद्द स्वानंदरावांनी समुद्र एकदाच पाहिला होता, नऊ वर्षांचे असताना, मामाच्या खांद्यावरून, आणि तेव्हा ते रडले होते.

त्यामुळे उर्वीबाईंचा फोन आला की त्यांची तारांबळ उडायची. ही बाई लाटांबद्दल काही विचारेल आणि आपलं पितळ उघडं पडेल! म्हणून ते आधी टेबलफॅन फुल्ल करून फोन त्याच्यासमोर धरत आणि ओरडत, “वारा फार आहे हो इथे किनाऱ्यावर! काही ऐकू येत नाही! मेसेज करा!” बाई काहीतरी सांगायला जात, आणि हे फोन ठेवून देत. असं चार वेळा झालं. एकदा तर ऐन वाऱ्यात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा त्यांनी “बोट आली वाटतं” असं म्हणून वेळ मारून नेली. कल्पनाताई स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

कापडाचं काम तसं सुरळीत झालं. अंगाचं कापड भरभर वाळणारं, ते इंदूरहून आणलं. बाजूच्या पट्टीसाठी स्वानंदराव बसनं धार आणि पुढे बागपर्यंत गेले. तिथल्या वयस्कर छपाईवाल्या चाचांना त्यांनी गंभीरपणे विचारलं की हा लाल आणि काळा रंग समुद्राच्या लाटा सोसेल का. चाचांनी हातातला ठसा खाली ठेवला. “बाबूजी, ये कपड़ा नदी में पत्थर पे पटक-पटक के धुला है. आपकी लहर इसका क्या बिगाड़ लेगी?” स्वानंदरावांना ते इतकं पटलं की त्यांनी लागत होती त्याच्या दुप्पट पट्टी घेतली.

माजघरातल्या मशीनवर शिवायला संताजी होते. संताजींनी तीस वर्षं देवासच्या निम्म्या शाळांचे गणवेश शिवलेत. हाताला वळण असं की शेवटच्या गाठीपर्यंत टाका सरळ. त्यांनी मापांची यादी चष्मा वर करून, मग खाली करून वाचली.

“चोवीस, सव्वीस, चोवीस, अठ्ठावीस... भिया, ही तर पोरांची मापं आहेत,” ते म्हणाले. माळव्यात भैयाचा ‘भिया’ होतो.

“पोरांची कसली? ॲथलीट आहेत ते, संताजी! सर्फर!” स्वानंदरावांनी मोबाइलवर एका गोऱ्या सर्फरचा फोटो दाखवला. “दिवसभर पोहतात, मासे-भात खातात. त्यांच्या कंबरा आपल्यासारख्या नसतात.”

“चोवीस?”

“कमावलेलं शरीर असतं.”

“अपन तीस साल झाले कंबरा मापून राहिलो, भिया,” संताजी म्हणाले. पण वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी यादीची घडी करून कानामागच्या पेन्सिलीशेजारी खोचली. “बरं. मापं माझ्यावर सोडा.”

स्वानंदरावांनी सोडली. एकदा उर्वीबाईंनाच विचारून घ्यावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं. पण पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असलेल्या माणसानं सर्फरची कंबर केवढी असते हे विचारायचं कसं?

मग अण्णा मध्ये पडले. अण्णा म्हणजे शेजारचे अण्णा सरमंडळ. पणजोबा संस्थानात खासगी कारभारी, स्वतः पस्तीस वर्षं विज्ञानाचे मास्तर, आणि मराठी अजून संस्थान खालसा व्हायच्या आधीचं. “स्वानंदा,” ते म्हणाले, “परीक्षा केल्यावाचून वस्तू विकणे हा अधर्म होय. प्रथम खारे पाणी, मग प्रत्यक्ष लाट.” खाऱ्या पाण्यासाठी पट्टीचा तुकडा आठ दिवस गच्चीवरच्या पिंपात बुडवला. त्यात कल्पनाताईंचं लिंबाच्या लोणच्यासाठी आणलेलं सगळं मीठ गेलं. रंग जागचा हलला नाही. अण्णांनी विजयी मुद्रेनं पिंप रिकामं केलं, आणि ते पाणी पन्हाळीतून खालच्या भवानीबाईंच्या मोगऱ्यावर गेलं. भवानीबाईंचा आवाज कॉलनीत कुठेही ऐकू जातो. त्या दिवशी तो मागच्या कॉलनीतही ऐकू गेला.

राहिली प्रत्यक्ष लाट. तरणतलावावर गेल्यावर तिथल्या बाबूनं फॉर्म पुढे केला. त्यात ‘उद्देश’ या रकान्यात तीनच चौकोन होते : तैराकी, व्यायाम, उपचार. स्वानंदराव म्हणाले, “मला कपड्याची चाचणी करायची आहे.”

“ऐसा कोई खाना नहीं है, साहब.”

“मग तैराकी लिहा.”

“तैरना आता है? टेस्ट होगा.”

येत नव्हतं. व्यायामाची बॅच भरलेली होती. उरला उपचार, आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी. ओळखीच्या डॉक्टरांनी मोठ्या मनानं ‘गुडघेदुखी’ लिहून दिलं, आणि स्वानंदरावांना मंगळवारी अकराची वेळ मिळाली. ती गुडघेवाल्यांची बॅच होती. म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात कठड्याला धरून पाय हलवणाऱ्या कॉलनीतल्या बारा ज्येष्ठ महिला, आणि त्यांच्या म्होरक्या भवानीबाई.

त्या मंगळवारचं वर्णन स्वानंदराव स्वतः कधी करत नाहीत, म्हणून आपण करू. चाचणीसाठी संताजींनी त्यांच्या मापाची एक शॉर्ट शिवून दिली होती. कंबर अडतीस, अगदी बेतून. “हिच्यात काही सैल ठेवलं नाही,” संताजी म्हणाले होते, “तुमचं काय, भिया, जे वाढायचं ते वाढून झालं.” तसं हे साधं वाक्य. पण नोकरी सोडलेल्या माणसाला असली साधी वाक्यं कुठेतरी जाऊन लागतात, आणि स्वानंदराव ते दोन दिवस मनात घोळवत राहिले.

फळी म्हणून अण्णांनी आपल्या घरचा जुना लाकडी फळा आणला होता. त्यावर रंगवलेल्या चार ओळी अजून दिसत होत्या. लाटेचा प्रश्न अण्णांनी सोडवला. ते काठावरून ओरडले, “भगिनींनो, सर्वांनी एकदम पाय झाडा!” मोगऱ्याचा राग भवानीबाईंच्या मनात होताच. त्यांनी पाय असे झाडले की उरलेल्या अकरा जणींनाही स्फुरण चढलं. तलावात खरोखरची लाट उठली. स्वानंदराव फळ्यावर उभे राहिले, एक, दोन, तीन सेकंद उभे राहिले, आणि चौथ्याला फळा एकीकडे आणि ते दुसरीकडे गेले. नाकातोंडात पाणी जाऊन ते वर आले तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. शॉर्ट जागच्या जागी होती.

“फणसळकर,” भवानीबाई पाण्यातूनच म्हणाल्या, “तुम्ही काही कामाचे नाही, पण चड्डी एक नंबर आहे हो.” जीवरक्षकानं रजिस्टरात लिहिलं, ‘मरीज ब्लैकबोर्ड से गिरे.’ त्याखाली स्वानंदरावांना सही करावी लागली.

तर अशी सगळी परीक्षा होऊन चाळीस शॉर्ट्स पार्सलात बांधल्या गेल्या. कल्पनाताईंनी पार्सलाला हळदकुंकू लावलं. कुरियरवाला घेऊन गेला, आणि स्वानंदरावांना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संताजींनी मशीनशेजारचं उरलेलं कापड गोळा करून परत दिलं. ते अगदीच थोडं होतं.

“संताजी, हिशेबानं तर निदान चार मीटर उरायला हवं होतं.”

“वाढीला गेलं ना, भिया.”

“कसली वाढ?”

“वाढत्या अंगाची. कंबर दोन इंच सैल ठेवली आणि जाड नाडा घातला, आवळून बांधायला. लांबीत दोन इंच आत दुमडून माया ठेवली. पुढल्या साली दोरा उसवला की लांबी तयार.” संताजींनी हे अशा निवांतपणे सांगितलं की जणू कपडा म्हटलं की हे आलंच. “गणवेशाला ठेवतो तशीच.”

स्वानंदराव खुर्चीवर बसले. खुर्ची नव्हती, तो कापडाचा गठ्ठा होता. त्यांच्या डोळ्यांसमोर तो गोरा सर्फर आला. डोंगराएवढी लाट, तिच्यावर तो, त्याच्या कमरेला दोन इंच सैल चड्डी आणि परकराला असतो तसला नाडा. असे चाळीस सर्फर. आणि किनाऱ्यावर उभ्या उर्वीबाई.

“अहो, ती मोठी माणसं आहेत, संताजी! वाढत नाहीत ती!”

“चोवीस कंबर आहे, भिया,” संताजी म्हणाले. “वाढेल.”

स्वानंदराव तडक कुरियरच्या ऑफिसात गेले. पार्सल परत बोलवायचं, असं त्यांनी सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “सर, गाडी निकल गई. अब रिसीवर लेने से मना करे, तभी वापस आएगा.”

“म्हणजे गिऱ्हाइकालाच सांगू, की माझा माल घेऊ नका?”

“हाँ सर, उनसे बोल दीजिए,” ती मदत करण्याच्या भावनेनं म्हणाली.

त्या दुपारी स्वानंदरावांनी उर्वीबाईंना मेसेज लिहायला घेतला. सुरुवात ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी केली होती. पण माणूस एकदा खरं लिहायला लागला की थांबत नाही. त्यांनी लिहिलं की आपण देवासला राहतो. इथे समुद्र नाही. वारा होता तो टेबलफॅनचा. बोट नव्हती, कुकर होता, त्यात तूरडाळ होती. आपण नोकरी सोडली कारण सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या मालावर शिक्का मारत होतो आणि एकदा आपलं स्वतःचं काहीतरी लोकांच्या अंगावर बघावं असं वाटलं. शॉर्ट्स सैल झाल्या आहेत. शिवणाऱ्याची चूक नाही, चूक माझी, मी तुम्हाला विचारलं नाही. पार्सल घेऊ नये, परत पाठवावं, ही विनंती. हे सगळं कल्पनाताईंनी वाचलं. त्यांनी फक्त एका ठिकाणी काना द्यायचा राहिला होता तो दाखवला, आणि म्हणाल्या, “पाठवा. चांगलं लिहिलंय.”

मेसेज गेला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी विपुल स्वतः टेम्पोतून ती गोल फिरणारी खुर्ची घेऊन आला. “जिजाजी, म्हटलं आधी घरीच बसून सवय करा.” खुर्ची माजघरात, ताग्यांच्या शेजारी ठेवली गेली. स्वानंदरावांनी तिच्याकडे पाठ करून चहा घेतला. खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं, पण मेव्हण्यासमोर कोण रडतं?

तेवढ्यात फोन वाजला. उर्वीबाई. व्हिडिओ कॉल. सवयीनं त्यांचा हात टेबलफॅनकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. त्यांनी फोन उचलला.

“काका!” पडद्यावर उन्हानं रापलेली, जेमतेम तिशीची एक मुलगी हसत होती. “आमच्याकडे चार दिवस टॉवर बंद होता. तुमचा मेसेज आला तेवढ्यात गेला. आधी मला एक सांगा, तुम्हाला कळलं कसं?”

“काय कळलं?”

“की ती मुलं आहेत म्हणून! मी चार वेळा फोन केला सांगायला, की काका, ही आमच्या मच्छीमारांची मुलं आहेत, दहा-बारा वर्षांची, जरा वाढत्या मापाचं शिवा. तुम्ही ऐकूनच घेत नव्हता.” तिनं फोन वळवला. मागे समुद्र होता, खराखुरा, केवढा तरी. आणि त्याच्या काठावर बागच्या लाल-काळ्या पट्टीच्या चड्ड्या घातलेली चाळीस पोरं नुसता धिंगाणा घालत होती. नाडे कचकून आवळलेले होते. एकाचीही चड्डी घसरत नव्हती.

“ह्यांच्या आया काय म्हणतात ऐका. त्यांना सर्फिंग म्हणजे थेर वाटायचं. दर वर्षी नवी चड्डी कुठून आणायची, म्हणून निम्म्या पोरांना पाठवायच्याच नाहीत.” एक आडव्या बांध्याची बाई फोनच्या अगदी जवळ आली. तिनं एक शॉर्ट उलटी करून आतली दुमड दाखवली. “ह्या शिवणारो माणूस शाणो आसा गो! हेका पोरा आसतली.”

स्वानंदरावांनी हे संताजींना मोठ्यानं सांगितलं. संताजी मशीनवर होते. ते म्हणाले, “तीन मुली,” आणि पुन्हा पाय चालवू लागले.

“आणि काका,” उर्वी म्हणाली, “देवासचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वेबसाइटच्या तळाशी तुमचा पिनकोड आहे. तुमच्या किनाऱ्यावर बोट आली तेव्हा मी इथे हसून लोळले.” मग ती कामाचं बोलली. “अजून साठ हव्यात. शेजारच्या गावातल्या मुली येतायत आता. आणि दसऱ्याला शाळेचा नवा हंगाम सुरू होतोय, तुम्ही या. समुद्र बघायला या.”

फोन बंद झाला. पहिल्यांदा विपुलनंच नाक ओढलं. तो तसा हळवा आहे. “मग खुर्ची?” त्यानं विचारलं. कल्पनाताई म्हणाल्या, “राहू दे. इथे काम करणाऱ्याला बसायला काहीतरी हवंच आहे,” आणि त्यांनी ती मशीनसमोर सरकवली. संताजी तिच्यावर बसले, एकदा गोल फिरले, आणि “टाके वाकडे होतील,” म्हणून परत आपल्या स्टुलावर गेले. आता तिच्यावर अण्णा बसतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वायरोळ्याला निघायची बॅग भरताना स्वानंदरावांना एक नवी शॉर्ट मिळाली. संताजींनी न सांगता शिवून ठेवली होती. पट्टीसुद्धा उरलेल्यातली सगळ्यात चांगली निवडली होती. त्यांनी ती घालून पाहिली. कंबर सैल लागली. नाडा होता. त्यांनी ती उलटी केली, तर खालच्या काठाला आत दोन इंच कापड नीट दुमडून, बारीक टाक्यांनी धरलेलं होतं.

“संताजी,” ते माजघरात जाऊन म्हणाले, “माझं तर वाढून झालं होतं ना?”

संताजींनी मशीन थांबवलं नाही. “ते मागच्या महिन्यात होतं, भिया,” ते म्हणाले. “असू द्या. लागेल.”